आधी कान, मग कॉम्प्युटर: संगीत तंत्रज्ञानाच्या परीक्षेची वर्षभराची तयारी

एका सराव परीक्षेत मी मुलांना ढोलकीचं एक रेकॉर्डिंग ऐकवलं. दोन माइक लावून घेतलेलं, मुद्दाम बिघडवलेलं. दहावीतल्या एका मुलीने हेडफोन काढला आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "पोकळ वाटतंय गं, आतलं सगळं काढून घेतल्यासारखं." तिच्या कानाने फेजचा दोष, म्हणजे दोन माइकच्या लाटांनी एकमेकींना खाणं, अचूक पकडला होता. उत्तरपत्रिकेत मात्र तिने लिहिलं, "रेकॉर्डिंगचा दर्जा चांगला नाही." चारपैकी शून्य. ते शून्य लिहिताना मला फार वाईट वाटलं, कारण तिला ऐकू आलं होतं. ऐकू आलेल्या गोष्टीला परीक्षेच्या भाषेत काय म्हणतात, ते मी तिला दिलं नव्हतं.

त्यानंतर मी शिकवण्याचा क्रमच बदलला. सॉफ्टवेअर मागे गेलं, कान पुढे आला. नाशिकमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी नववी ते बारावीच्या मुलांना मी हा विषय शिकवते. शाळेतल्या संगीत शिक्षकांना, क्लास घेणाऱ्यांना आणि घरी मुलाच्या शेजारी बसणाऱ्या पालकांना उपयोगी पडावं म्हणून तो क्रम इथे सविस्तर देते.

परीक्षा नेमकं काय मागते

नाशिकच्या घरांना संगीताच्या परीक्षा नवीन नाहीत. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात इथेच राम नाम आधार आश्रम काढला, त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये इथेच जन्मले, आणि आजही कितीतरी घरांत गांधर्व मंडळाच्या प्रवेशिका-मध्यमाची तयारी चालते. त्यामुळे पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यात राग किती?" राग नाहीत. गांधर्वच्या परीक्षेत मूल परीक्षकासमोर बसून गातं. इथे परीक्षकासमोर मूल नसतं, त्याने घडवलेला आवाज असतो, आणि तो आवाज तसा का आहे हे त्याने कागदावर सांगायचं असतं.

ही परीक्षा घेणारी मंडळं अनेक आहेत. मी साचा म्हणून ब्रिटनच्या एडेक्सेल मंडळाचा ए-लेव्हल अभ्यासक्रम समोर ठेवते, कारण त्यातली विभागणी फार स्वच्छ आहे. रेकॉर्डिंगला २० टक्के, तंत्रज्ञानावर आधारलेल्या रचनेला २० टक्के, ऐकून विश्लेषण करायच्या दीड तासाच्या लेखी पेपरला २५ टक्के, आणि कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष काम करत उत्तरं लिहायच्या सव्वादोन तासांच्या पेपरला ३५ टक्के. म्हणजे ६० टक्के गुण परीक्षेच्या खोलीत, घड्याळासमोर, न ऐकलेल्या आवाजावर मिळवायचे. "माझ्या मुलाला सॉफ्टवेअर छान येतं" असं पालक सांगतात तेव्हा मी त्यांना हा ६० चा आकडा दाखवते.

तुमच्या मुलाची परीक्षा दुसऱ्या मंडळाची असेल तर टक्के बदलतील, पण चार कामं हीच राहतील: पकडणं, घडवणं, ओळखणं, दुरुस्त करणं. पहिल्याच आठवड्यात त्या मंडळाची नियमपुस्तिका छापून घ्या आणि चार गोष्टींवर रंगीत पेनाने खुणा करा: कोणतं काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं, तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे) वापरता येतात का, तुकड्याची लांबी किती आणि फाइल कोणत्या प्रकारात द्यायची. मेहनत करूनही इथे गुण गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

वर्षाची आखणी नाशिकच्या हवेप्रमाणे

जून-जुलैमध्ये पत्र्यावर पाऊस वाजत असतो, रेकॉर्डिंगचं नाव काढू नका. हे दोन महिने फक्त कान आणि आकडे. ऑगस्टमध्ये ढोल पथकांचा सराव सुरू होतो. शांतता नसते, पण नमुने गोळा करायला याहून चांगला काळ नाही. गणपती आटोपल्यावर सिंथेसिस (यंत्रावर आवाज घडवणं) आणि सॅम्पलिंग (टिपलेल्या आवाजाचं वाद्य करणं). मुख्य रेकॉर्डिंग दिवाळीच्या सुट्टीत, फटाके थांबल्यानंतरच्या आठवड्यात, कारण तेव्हा पंखा बंद ठेवून बसता येतं. एप्रिलमध्ये बंद खोलीत पंख्याविना गाणाऱ्या मुलाचा सूर अर्ध्या तासात उतरतो. डिसेंबर-जानेवारी मिक्सिंग आणि रचना पूर्ण करायला, त्यापुढे नुसत्या सराव परीक्षा.

पहिले आठ आठवडे: कानाची वही

प्रत्येक मुलाला एक दोनशे पानी वही घ्यायला सांगा. पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात त्याला जे वाटलं ते त्याच्या शब्दांत, दुसऱ्यात तांत्रिक नाव, तिसऱ्यात कारण आणि उपाय.

पहिला रकाना मुलांनी स्वतःच भरायचा, तेही घरात बोलतात त्या मराठीत. आवाजाविषयी आपल्याकडे केवढे बारीक शब्द आहेत! आवाज कोंदतो, घुमतो, चिरकतो, फाटतो, बसतो, टोचतो, नाकातून येतो, लांबून येतो. भजनाला बसणाऱ्या आजीला माइकवाल्याचं काय चुकतंय ते बरोबर कळतं, हर्ट्झ माहीत नसलं तरी. हे शब्द मुलांकडून काढून घेऊन त्यांच्या हाती नुसते पारिभाषिक शब्द दिले, तर ती "दर्जा चांगला नाही" असंच लिहिणार.

माझ्या वर्गात ठरलेल्या काही जोड्या अशा. "घुमतंय" म्हटलं की साधारण ८० ते १५० हर्ट्झ बघायचं. "कोंदट", म्हणजे तोंडावर चादर धरल्यासारखं, बहुधा २०० ते ४०० हर्ट्झचा साठा. "नाकातलं" ८०० ते १००० च्या आसपास. "टोचतंय" २००० ते ४०००. "स-श चा सिसकारा" ५००० ते ८०००, उपाय डी-एसर, म्हणजे तेवढाच सिसकारा दाबणारं साधन. "प-फ ला फटका बसतोय" हा श्वासाचा झोत, उपाय जाळी आणि लो-कट (तळाचे सूर कापणारा फिल्टर). "फाटलाय" म्हणजे क्लिपिंग, पातळी मर्यादेबाहेर गेली, आणि ते कुठल्या टप्प्यावर झालं हे शोधायचं. माइकच्या प्रीअँपमध्ये फाटलेला आवाज नंतर फेडर खाली ओढून दुरुस्त होत नाही. "एकसारखी गुणगुण" असेल तर विजेचा हम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो ५०, १००, १५० अशा पायऱ्यांवर सापडतो. "मध्येच टिक" म्हणजे कापलेल्या जागी क्रॉसफेड (दोन तुकड्यांची मऊ सांधणी) द्यायचा राहिला. "दम लागल्यासारखं वरखाली होतंय" म्हणजे कॉम्प्रेसरचा (जोराचा आवाज दाबणाऱ्या साधनाचा) रिलीज, दाब सोडायचा वेळ, चुकलाय. आणि "पोकळ" म्हणजे फेज. हे आकडे वाटाड्यासारखे वापरा, कायद्यासारखे नव्हे. बाईचा आवाज आणि सनई यांचं कोंदटपण एकाच जागी नसतं.

रोजचा व्यायाम दहा मिनिटांचा. पिंक नॉइज (सगळे पट्टे असलेली सलग खरखर) लावा, इक्यूमध्ये (पट्टे उचलायच्या-कापायच्या साधनात) एकच पट्टा १२ डेसिबलने उचला आणि मुलाला ओळखायला सांगा. सुरुवातीला चारच पट्टे: १२५, ५००, २०००, ८०००. दहापैकी आठ बरोबर यायला लागले की मधले २५०, १०००, ४००० घाला. मग नॉइजऐवजी खरं गाणं, मग उचल ६ डेसिबलवर आणा, आणि शेवटी उचलण्याऐवजी कापा. कापलेलं ओळखणं फार अवघड असतं, तिथे पोचायला ऑक्टोबर उजाडला तरी हरकत नाही. रविवारी एकदम दोन तास करून हे साधत नाही, तानपुऱ्यावर रोज सा लावण्यासारखंच ते आहे.

हेडफोन मागून बंद असलेला, तारेचा घ्या. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा पोचतो आणि बहुतेक वेळा दाबून पाठवलेला असतो. आणि आवाजाची पातळी कमी ठेवा. या मुलांचे कान आयुष्यभर लागणार आहेत.

आकड्यांची भीती घालवताना

हा भाग पाठ करून घेऊ नका, सोडवून घ्या. विचारले जाणारे हिशेब मोजकेच असतात.

पेटीवर शिकलेल्या मुलांना मिडीचे आकडे, म्हणजे कॉम्प्युटरमधले सुरांचे क्रमांक, पट्टीवरून पटकन समजतात. मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे मधला सी, मिडीत ६०. त्याला लागून काळी एक ६१, सुमारे २७७ हर्ट्झ. खालच्या सप्तकातली काळी चार ५६, काळी पाच ५८. सगळा पल्ला ० ते १२७, आणि १२ अंक म्हणजे एक सप्तक. एक खाच आधीच दाखवून ठेवा: ६० ला काही सॉफ्टवेअर सी-४ म्हणतात, काही सी-३. आकडा तोच, नाव वेगळं. किती जोरात वाजवलं ते व्हेलॉसिटी, तीही १२७ पर्यंत. आणि मिडी म्हणजे आवाज नव्हे, वाजवण्याच्या सूचना, हे दर आठवड्याला पुन्हा सांगा. बारावीतली मुलंही तिथे चुकतात.

डिलेचा, म्हणजे लयीला जुळणाऱ्या प्रतिध्वनीचा हिशेब: ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला ठोके). ९० च्या लयीत एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, अर्धा ३३३, पाऊण ५००. कॉम्प्रेसरचा हिशेब: थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी) उणे २० डेसिबल, रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१, आत आलेला आवाज उणे ८. उंबरठ्याच्या १२ वर आला, चारने भागून ३ उरले, म्हणजे बाहेर उणे १७ आणि घट ९ डेसिबलची. थ्रेशोल्डला मी उंबरठाच म्हणते. एकदा चित्र मनात बसलं की सूत्र लागत नाही. फाइलचा हिशेब: ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनेल, एक मिनिट म्हणजे सुमारे १० एमबी. बफरचा, म्हणजे कॉम्प्युटर एका घासात घेतो त्या नमुन्यांचा हिशेब: ४४,१०० वर १२८ नमुने म्हणजे जेमतेम ३ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३. गाताना बफर लहान ठेवायचा, मिक्स करताना मोठा.

तालाचंही इथेच उरकून घ्या. सॉफ्टवेअर उघडल्यावर समोर चार ठोके येतात. केहरव्याच्या आठ मात्रा त्यात सहज बसतात. रूपकासाठी सात करावे लागतात, आणि रूपकाची सम ‘खाली’च्या, म्हणजे बिनजोराच्या मात्रेवर असते. मेट्रोनोमची क्लिक मात्र पहिल्या ठोक्याला हट्टाने जोर देते, त्याने तबला वाजवणारं मूल गोंधळून जातं. क्लिकचा तो जोर काढून टाका किंवा साध्या ठेक्याची ओळ बनवून तीच क्लिक म्हणून द्या. क्वांटाइझ करताना, म्हणजे सुटलेले ठोके लयीच्या रेघांवर आणताना, शंभर टक्के ओढू नका. भजनी ठेक्यातला झोल त्या काही मिलिसेकंदांतच असतो.

रेकॉर्डिंग: खोली, माइक आणि ती ढोलकी

स्टुडिओ नसला तरी चालतं, पण खोली ऐकून निवडावी लागते. मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे "टर्रर्र" असा शेपूट आला तर समोरासमोरच्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो, म्हणजे साडेतीन मीटरवरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला त्याला जवळपास २० मिलिसेकंद लागतात. माझ्याकडे दोन दोऱ्या आणि सहा गोधड्या आहेत. गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना त्या टांगल्या की साध्या खोलीतही आवाज आवरतो. फोमचे पातळ चौकोन विकत घेण्यापेक्षा गोधडी कधीही बरी, ती जाड असते. पॉप फिल्टरला भरतकामाची रिंग आणि त्यावर ताणलेला जुना नायलॉनचा मोजा पुरतो.

नाशिकचे म्हणून काही आवाज असतात, त्यांची वेळ बघून ठेवा. ओझरच्या बाजूने जाणारी विमानं एकदा रेकॉर्डिंगमध्ये शिरली की निघत नाहीत, त्यांची घरघर पुरुषाच्या आवाजाच्या पल्ल्यातच असते. आम्ही दर टेकनंतर दहा सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करतो. त्या तुकड्यावरून नॉइज ओळखता येतो आणि कापलेल्या जागा भरायलाही तो लागतो.

माइकची निवड मुलाला कारणासह सांगता आली पाहिजे. डायनॅमिक दणकट असतो, जोराचा आवाज सोसतो, ढोल-ताशाला तोच. कंडेन्सर बारकावे पकडतो, त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो, आवाजाला आणि सतारीला तो चांगला. कार्डिऑइड माइक तोंडाजवळ आणला की खालचे सूर फुगतात, हा प्रॉक्झिमिटी इफेक्ट. तो मुलांना स्वतःच्या आवाजावर ऐकवा: एक वीत अंतर, मग चार बोटं, मग ओठाला टेकवून. तीन टेक, तिन्हींवर वहीत एकेक ओळ. परीक्षेत हा प्रश्न आला तर त्यांना पुस्तक आठवायची गरज पडत नाही.

पातळी लावताना गायकाला ओळीतला सगळ्यात जोराचा भाग गायला लावा आणि शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा. २४ बिटवर एवढी मोकळी जागा ठेवायला काही अडचण नसते. "हळू आलंय" म्हणून घाबरून गेन चढवण्याची सवय लवकर मोडा.

आता ढोलकी. एक माइक शाईच्या बाजूला, एक दुसऱ्या, घुमणाऱ्या बाजूला. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे ऐकले तर सुरेख, एकत्र लावले की पोट गायब. कारण असं: घुमणाऱ्या तोंडावर हात पडतो तेव्हा ते कातडं आत जातं आणि आतली हवा समोरचं कातडं बाहेर ढकलते. एका माइकपासून पडदा लांब जातोय, दुसऱ्याच्या जवळ येतोय. दोन लाटा उलट्या, खालचे सूर एकमेकांना खातात. एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करायची, बटण एकच. मी प्रत्येक मुलाला डोळे मिटून बसवते आणि ते बटण दाबत राहते. कधी भरीव, कधी पोकळ. बदल झाला की हात वर. सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी या खेळात एकदाही चुकली नाही. त्या दिवशी तिच्या वहीत "पोकळ" या शब्दापुढचे दोन्ही रकाने भरले.

दर सत्राची नोंद त्याच दिवशी लिहून घ्या: तारीख, माइक, अंतर, खोली, कोणता टेक ठेवला आणि का. बहुतेक मंडळं अशी नोंद मागतात, आणि मार्चमध्ये आठवून लिहिलेली नोंद वाचणाऱ्याला लगेच कळते. फाइलच्या नावात तारीख आणि वाद्य असू द्या. "फायनल", "नवीन फायनल", "खरंच फायनल" अशी नावं दिसली की मी ते काम परत पाठवते. प्रती तीन: कॉम्प्युटरवर, पेनड्राइव्हवर आणि इंटरनेटवरच्या साठ्यात.

सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न पालक सगळ्यात आधी विचारतात. शाळेत जे आहे ते. नसेल तर रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि त्याचा वैयक्तिक परवानाही तुलनेने स्वस्त आहे. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे. पण परीक्षेच्या दिवशी समोर जे असणार, त्यावर किमान तीन महिने हात बसलेला हवा.

सिंथेसाइझरवर नाशिक ढोल

सिंथेसिस शिकवायला लागलं की मुलं तयार आवाजांची यादी उघडून बसतात. ती यादी बंद करायला लावा. माझा पहिला धडा नाशिक ढोलाचा असतो, कारण तो कसा वाजला पाहिजे हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, आणि कुठे फसलं ते त्याचं त्यालाच कळतं.

एक ऑसिलेटर (लाट निर्माण करणारा भाग), साइन लाट, ६० हर्ट्झच्या आसपास. अँप्लिट्यूड एनव्हलप, म्हणजे आवाज कसा चढतो-उतरतो त्याचा आराखडा: अटॅक शून्य, डिके ४०० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. वाजवून बघा, नुसता "डूं" येईल. आता पिचला दुसरा एनव्हलप द्या: सूर १५० वरून सुरू होऊन ८० मिलिसेकंदांत ६० वर घसरला पाहिजे. एकदम "धूम" होतं, आणि वर्गात हमखास कोणीतरी ओरडतं. तरी टिपरू अजून लागलेलं नाही. त्यासाठी दुसऱ्या ऑसिलेटरवर व्हाइट नॉइज, डिके फक्त १५ मिलिसेकंद, हाय-पास फिल्टर १००० च्या वर. आता टिपरूचा टोला आला. ताशासाठी हाच नॉइज घ्या, बँड-पास फिल्टर २००० ते ५००० मध्ये ठेवा, डिके ६० पर्यंत वाढवा आणि तर्री वाजवताना प्रत्येक टोल्याची व्हेलॉसिटी थोडी वेगळी करा, नाहीतर ती शिवणयंत्रासारखी वाजते. एवढ्यात ऑसिलेटर, फिल्टर, दोन एनव्हलप आणि व्हेलॉसिटी शिकवून झालं. मग सांगते, की १९८० मध्ये आलेल्या रोलंड टीआर-८०८ या ताल-यंत्रातला बेस ड्रमही साइनसारख्या घसरत जाणाऱ्या लाटेवरच उभा आहे.

सॅम्पलिंगसाठी आम्ही एका सकाळी भांडी बाजारात जातो. दुकानदाराला आधी विचारायचं, गिऱ्हाइकाची गर्दी नसताना जायचं. तांब्याचा हंडा, पितळी घागर, परात. प्रत्येक भांडं तीन जोरांनी, तीन जागी वाजवायचं आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही. गेल्या खेपेला एका हंड्याचा नाद इतका लांबला की शेवटी दुकानदारच हात वर करून सगळ्यांना थांबवत होते. घरी आल्यावर सुरुवात नेमकी कापायची, मूळ सूर कोणता ते ठरवून त्या मिडी अंकावर बसवायचा आणि वरखाली वाजवून बघायचं. भांड्याचे उपसूर पेटीसारखे साध्या पटीत नसतात, त्यामुळे मूळ सूर ठरवताना मुलांमध्ये वाद होतात. ते होऊ द्या. सूर पाच-सात अंकांपेक्षा जास्त ओढला की हंडा खेळण्यातला वाटायला लागतो, हेही त्यांना कानानेच कळतं. पुढे उलटं वाजवणं, ताणणं, बारीक तुकडे करणं. असा एकच हंडा घेऊन अकरावीतल्या एका मुलाने पूर्ण तीन मिनिटांची रचना केली होती, आणि त्यात दुसरा कोणताही आवाज नव्हता.

इतिहास: तारीख नको, कारण सांगा

इथे थोडक्यात आटपते, कारण मुलं हा भाग पाठ करून टाकतात. फक्त दर तारखेला "त्यामुळे गाण्यात काय बदललं?" हा प्रश्न जोडा. १९०२ मध्ये गौहर जान यांनी कोलकात्यात कर्ण्यात गाऊन ध्वनिमुद्रण केलं. तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणून ख्याल आटोपशीर झाला. १९२५ च्या सुमारास विजेचे माइक आले आणि हळू आवाजातलं गाणंही टिपता येऊ लागलं. फितीवर अनेक ट्रॅक आले तेव्हा सगळ्या वादकांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज संपली. १९८३ मध्ये मिडी आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलू लागली. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून. मुलांचे डोळे मात्र एका गोष्टीला चमकतात: मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर राग बसवून ध्वनिमुद्रण केलं होतं.

लिहिणं: प्रत्येक गुणाला एक पूर्ण विचार

पेपर बहुधा इंग्रजीत असतो आणि मराठी माध्यमाची मुलं तिथे बिचकतात. त्यांना सांगा, वाक्य लहान असू दे, पण त्यात तीन गोष्टी हव्यात: काय ऐकलं, ते कशाने झालं, त्याचा परिणाम काय. कानाच्या वहीतल्या तीन रकान्यांचंच हे रूप आहे.

कच्चं उत्तर असं असतं: "आवाजाला रिव्हर्ब दिला आहे, त्यामुळे छान वाटतं." त्याच मुलाने दोन महिन्यांनी लिहिलेलं: "कडव्यात गायकाचा आवाज कोरडा आणि जवळचा आहे. ध्रुवपदात लांब शेपटीचा रिव्हर्ब येतो, पण प्री-डिले असल्यामुळे शब्द स्पष्ट राहतात. त्यामुळे ध्रुवपद मोठ्या जागेत गायल्यासारखं वाटतं आणि कडव्यापासून वेगळं उठून दिसतं." "छान" आणि "चांगलं" हे दोन शब्द मी वहीत लाल करून टाकते.

दोन रेकॉर्डिंगची तुलना असेल तर एकाबद्दल अर्धं पान आणि दुसऱ्याबद्दल अर्धं पान लिहायचं नाही. मुद्दा घ्यायचा, दोघांना त्यावर शेजारी उभं करायचं, पुढचा मुद्दा. ऐकताना मी मुलांना तळापासून वर जायला लावते: आधी बेस, मग ताल, मग मधली वाद्यं, मग गळा, मग डावी-उजवी आणि शेवटी कोण जवळ, कोण लांब. क्रम ठरलेला असला की घाईत काही सुटत नाही.

सराव परीक्षा आणि तो दिवस

जानेवारीपासून दर पंधरा दिवसांनी पूर्ण वेळेची सराव परीक्षा घ्या. एडेक्सेलच्या ऐकण्याच्या पेपरला ७५ गुण आणि ९० मिनिटं, म्हणजे गुणाला सव्वा मिनिटापेक्षा थोडं कमी. हा हिशेब मुलांनी आधीच केलेला असावा. कॉम्प्युटरच्या पेपरसाठी बिघडवलेले ट्रॅक तुम्हीच तयार करा: गाण्यात ५० हर्ट्झचा हम, बेसच्या दोन चुकीच्या मिडी नोट, एका टाळीवर मध्येच टिक, ढोलकीची उलटी पोलॅरिटी. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढच्या खेपेला मुलांनाच एकमेकांसाठी ट्रॅक बिघडवू द्या. दुसऱ्याला सापडू नये असा दोष पेरताना तो दोष पक्का समजतो.

परीक्षेच्या आधी त्या खोलीत जाऊन प्रत्येक कॉम्प्युटरवर हेडफोनच्या दोन्ही बाजू चालतात का ते तपासा, डावी-उजवी उलटी नाही ना तेही. यूपीएस आहे ना, तो भार घेऊन किती मिनिटं टिकतो हे प्रत्यक्ष प्लग काढून बघा. प्रश्नपत्रिका हाती आल्यावर मुलाने पहिल्यांदा प्रकल्प स्वतःच्या क्रमांकाने सेव्ह करायचा, सॅम्पल रेट आणि टेम्पो प्रश्नपत्रिकेप्रमाणे आहेत का ते बघायचं, मग सुरुवात. एका दोषावर दहा मिनिटांहून जास्त अडकला तर पुढे जायचं.

शेवटची पंधरा मिनिटं फाइल बाहेर काढण्यासाठी (एक्सपोर्टसाठी) राखून ठेवा. सोलोचं (एकच ट्रॅक ऐकवणारं) बटण कुठे दाबलेलं राहिलं नाही ना, मेट्रोनोम बंद आहे ना, मास्टर ट्रॅक लाल होत नाही ना. मग बाहेर काढलेली फाइल सॉफ्टवेअर बंद करून साध्या प्लेअरवर पहिल्या सेकंदापासून ऐकायची, रिव्हर्बचा शेवटचा शेपूट विरेपर्यंत. तो मध्येच तुटला असेल तर निवड थोडी लांबवून पुन्हा काढायची, आणि तोवर हेडफोन काढायचा नाही.